सात वर्षांच्या पोरीला गोल्फचं वेड लागलंय, आम्ही खेड्यात. कसं करावं?

धुऱ्यावरची_बाई
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही चांदूर बाजार तालुक्यातले, पाच एकर वावर, दोन एकरात संत्रा, बाकी कपाशी न तूर. माझा भाऊ फौजेच्या छावणीत गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या कामावर आहे. दिवाळीत त्याच्याकडे गेलतो तर तो भाचीला सकाळी सोबत घेऊन गेला, तिथल्या एका साहेबांनी तिच्या हाती स्टिक दिली आणि तिनं तिसऱ्याच झटक्यात चेंडू उचलला. खरंच हवेत गेला. तेव्हापासून पोरगी दुसरं काही बोलतच नाही. भावानं एक मोठ्यांची लोखंडी स्टिक कापून दिली, एक जुना पटर (चेंडू भोकात ढकलायची स्टिक) दिला आणि सहा चेंडू.

आता रोज शाळेच्या आधी अंगणात सुरू असते. मी सारवलं की ते वाळायची वाट पाहत उंबऱ्यावर बसते, म्हणते आई ओल्यावर बॉल थांबते. आणि सारवताना आपल्या बोटांचे जे गोल गोल फराटे उठतात ना, त्यावर चेंडू वळते असं तिनंच मला दाखवलं. मी पाहिलं तर खरंच वळत होता. आता मी तिच्यासाठी सरळ रेषेत सारवते.

आमच्या घरात बापजन्मी कोणी गोल्फ पाहिला नाही. शिकवणारा शोधायचा तर नागपूर, जायलाच दीडशे किलोमीटरच्या वर. हे म्हणतात हौस आहे तोवर खेळू दे, सासूबाई म्हणतात पोरीच्या जातीला हे कायचं खूळ. मला इतकंच विचारायचंय की सात वर्षांच्या लेकराला या खेळात आईबापानं मदत करायची म्हणजे नेमकं काय करायचं? काय घ्यायचं, काय नाही घ्यायचं, किती वेळ खेळू द्यायचं. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

पऱ्हाटी_पुराण
ताई, सरळ रेषेत सारवते हे वाचून डोळ्यात पाणी आलं. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही पण मदत म्हणजे हीच की.

काळी_माती_७१
ताई राग मानू नका, मी कास्तकारच हाव म्हणून स्पष्ट बोलतो. हा मोठ्या लोकायचा खेळ आहे. मैदान त्यायचं, सामान त्यायचं, क्लबाची मेंबरशिप त्यायची. पोरीत दम आहे तर तिले कबड्डीत टाका, खो-खोत टाका, पळू द्या. तिथं शाळा, तालुका, जिल्हा, विभाग अशी शिडी तरी आहे, गावातल्या मास्तरलेही समजते. गोल्फात पह्यली पायरीच नागपूरले. उद्या पोरगी बारा-तेरा वर्षांची होईन, मनापासून खेळत असन आणि तुम्हाले म्हणाव लागन की बाई आता पुढचं आपल्याच्यानं होत नाही. ते दुःख मोठं राह्यते. मी पाह्यलेलं आहे म्हणून सांगून राहिलो.

वरुडचा_पुण्यात
काळी_माती भाऊंचा मुद्दा खरा आहे, पण सात वर्षांच्या मुलीसाठी तो आजचा प्रश्न नाही असं वाटतं. अदिती अशोकचं उदाहरण घ्या. पाच वर्षांची असताना बंगळुरूत एका हॉटेलात नाश्ता करताना शेजारच्या मैदानावर लोक चेंडू मारताना दिसले, तिथून सुरुवात झाली. आईवडिलांनाही खेळ येत नव्हता, तिच्यासोबत तेही शिकले. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तिची बॅग वडिलांनी उचलली आणि टोकियोत आईनं. टोकियोत तिचं कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं, चौथी आली. नंतर हांगझोऊच्या एशियाडमध्ये रौप्य घेतलं. टोकियोच्या वेळी आम्ही घरातले सगळे पहाटे उठून मोबाईलला चिकटलो होतो, गोल्फ न कळणारे सुद्धा. टोकियोला आपल्या पुण्याचा उदयन मानेही होता.

सामानाचं म्हणाल तर मोठ्यांना नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे स्टिक, नेता येतात, ते वाचून घाबरू नका. या वयाला तीन बास झाले, एक पटर, एक ७ नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याची स्टिक), एक वेज (जवळून चेंडू उंच उचलायची स्टिक). मुलं भराभरा वाढतात त्यामुळे वापरलेले लहान क्लब लोक विकतही असतात.

काळी_माती_७१
पुणेकर, बंगळुरूत हॉटेलच्या शेजारी मैदान आहे. आमच्या हॉटेलच्या शेजारी पंक्चरचं दुकान आहे.

ग्राऊंडवाला_काका
हा धागा पोरानं दाखोला म्हणून टाईप करून राहिलो, वेळ लागते. मी एका छावणीच्या गोल्फ ग्राऊंडवर २२ वर्षं काम केलं, पह्यले कॅडी, म्हंजे खेळणाऱ्याची बॅग उचलणारा, मंग ग्राऊंडवर, आता परतवाड्यापाशी गावाले राह्यतो.

पह्यली गोष्ट, ताईनं अंगणाचं लिहलं ते लय भारी आहे. आमच्या ग्राऊंडवर सुरवातीले होलभोवतालचे बारीक गवताचे हिरवे ग्रीन नव्हतेच. ब्राऊन राहात. वाळूत तेल कालवून चोपायची, त्यावर पटिंग, म्हंजे पटरनं चेंडू होलात ढकलणं, करायचं, आणि तुमच्या आधीच्याच्या पायाच्या खुणा राह्यल्या तर पट्टी ओढून सरकं करायचं मंगच मारायचं. आपल्या देशात पाण्याच्या टंचाईच्या गावांत असे लय ग्राऊंड होते. तवा तुमची पोरगी शेणाच्या ब्राऊनवर शिकून राहिली, त्यात काही कमी नाही. फराटा कुठं वळवते हे जिले सात वर्षांत दिसलं तिले ग्रीन वाचणं म्हणजे काय ते समजलं. मोठेमोठे साहेब बसून बसून पाह्यत पण त्यायले दिसे नाही.

दुसरी गोष्ट, होलपासून, म्हंजे चेंडू पाडाच्या भोकापासून, मांगं शिकवा. पह्यले एक हात अंतरावरून टाकू द्या, मंग दोन हात, मंग चार. चेंडू भांड्यात पडल्याचा आवाज लेकराले आवडते, तो रोज ऐकू आला पाह्यजे. १८ होलचा पार, म्हंजे ठरवून दिलेले फटके, ७२ धरला तर त्यात ३६ फटके पटिंगचेच धरलेले राह्यते, म्हंजे अर्धा खेळ तुमच्या अंगणात होते. लांब मारण्याची घाई सगळ्यायले राह्यते, बापायले जास्त.

तिसरी, स्टिक. कापलेल्या स्टिकनं जास्त दिवस खेळू देऊ नका. दांडा कापला की ताठ होते आणि खालचं डोकं मोठ्या माणसाचंच राह्यते. लहान मनगटाले ते झेपत नाही मंग पोरगं पाठीतून ओढून मारते आणि तेच वळण अंगात बसते. ते वळण काहाडाले दोन वर्षं लागते, मी पाह्यलं. पटर कापलेला चालते, आयर्न नाही.

पकड दहा बोटायची ठेवा, कुऱ्हाड धरतो तशी, दोन हात एकमेकाले चिकटून. बोटात बोट अडकवाची पकड टायगर वूड्सची आहे, ती मंग मोठेपणी पाहू.

पऱ्हाटी_पुराण
काका 🙏🙏 रोज लिहा

निळी_सायकल
काका, अंगणातलं भांडं म्हणजे गोट्यांची गल झाली की. आमच्या काळात गल खणायची, टाचेनं गोल फिरून, मग अंगठा टेकवून गोटी टाकायची. मी गावात एक नंबर होतो, सातवीत असताना डबाभर गोट्या जिंकल्या होत्या. हा खेळ तेव्हा कोणी सांगितला असता तर मीही लागलो असतो.

पऱ्हाटी_पुराण
विटीदांडूवाल्यांनीही हात वर करा. विटी हवेत उडवून मारायची म्हणजे तर गोल्फपेक्षा अवघड.

निळी_सायकल
आणि कोललेली विटी पऱ्हाटीत गेली की सगळी टीम तास तास हुडकायची.

सेवाग्राम_एक्सप्रेस
मी गोल्फबद्दल काही सांगू शकत नाही, पण ताईंनी "मदत म्हणजे काय" विचारलं त्याचं उत्तर मला फार महाग पडून कळलंय म्हणून लिहिते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना बॅडमिंटनमध्ये खूप चांगला होता. आम्ही दोघं नोकरीवाले, पैशाची तशी अडचण नव्हती, दर शनिवारी-रविवारी गाडीनं स्पर्धांना न्यायचो. आणि परत येताना पूर्ण रस्ता मॅचचा हिशोब. तो शॉट का मारला, नेटवर का गेला नाहीस, समोरचा तुझ्याहून लहान होता. आम्हाला वाटायचं आपण शिकवतोय. एकदा निघताना तो म्हणाला, आई आपण आज बसनं जाऊ. मी म्हटलं गाडी असताना बसनं कशाला? तर म्हणाला, बसमध्ये तुम्ही दोघं बोलत नाही.

मला तेव्हा हसू आलं होतं. मी ते ऑफिसात गंमत म्हणून सांगितलंसुद्धा. तेराव्या वर्षी त्यानं खेळ सोडला, भांडण नाही, रडणं नाही, फक्त एका सोमवारी रॅकेट कव्हरमध्ये घालून कपाटावर ठेवली. अजून तिथंच आहे, मी धूळ पुसते. आता तो कॉलेजला आहे, आमचं छान चालतं, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जात नाही. ताई, तुम्ही तिला कुठं न्या, नका नेऊ, ते नंतर ठरेल. पण येताना रस्त्यात तिला दुसरं काहीही बोलू द्या, शाळेचं, मैत्रिणीचं, रस्त्यातल्या शेळ्यांचं.

वरुडचा_पुण्यात
सेवाग्राम_एक्सप्रेस, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, पोहते. काल परतताना मीही हेच केलं. आज नाही करणार.

काळी_माती_७१
ताई तुमचं वाचून गप बसलो थोडा वेळ.

डॉक्टर_नाही_फिजिओ
यवतमाळहून. थोडं शरीराबद्दल. गोल्फचा फटका एकाच बाजूनं पिळला जाणारा असतो, वाढत्या वयात तेवढंच केलं तर कंबर आणि पाठ एकाच बाजूनं राबते. त्यामुळे तिला बाकी सगळं खेळू द्या, लगोरी, लंगडी, झाडावर चढणं, कबड्डी पण. काळी_माती भाऊ, तुमची कबड्डी गोल्फला मारक नाही, उलट उपयोगी आहे. आणि रोज दहा-बारा फटके उलट्या हातानंही मारू द्या, मुलांना त्याची मजा वाटते. वेळेचं म्हणाल तर सांगितलेला सराव पंधरा-वीस मिनिटं पुरे, त्यापुढे तिचं तिला खेळायचं असेल तर खेळू दे, पण "अजून वीस चेंडू मार" असं मोठ्यांनी म्हणू नये. पाठ किंवा मनगट दुखतं म्हणाली तर त्या दिवशी स्टिक बंद, नाटक करते असं समजू नका.

आणि आपलं ऊन. आता थंडी आहे म्हणून लक्षात येत नाही, पण मार्चपासून सकाळी आठच्या आत आटपा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा बाहेर नकोच, घरात चटईवर पटिंग.

जागलीवाला
एक महत्त्वाचं राहून गेलं. गावात एक लेकरू काही नवीन खेळलं की दहा जमतात. माझ्या पुतण्याला असंच झालं, एक जण दांडू फिरवत होता आणि हा मागून चेंडू उचलायला धावला, भुवईवर लागलं, तीन टाके. डोळा वाचला ही देवाची कृपा. तवापासून आमच्याकडे नियम आहे की खेळणाऱ्याभोवती दोरीचा गोल टाकायचा, मोठं रिंगण, आणि आत एकच जण. गोल्फची स्टिक तर लोखंडाची, आणि चेंडूही दगडासारखा टणक असते म्हणतात.

ग्राऊंडवाला_काका
जागलीवाले भाऊनं लाख बोलले. दोरी पाह्यजेच. आणि चेंडू कोणाच्या दिशेनं गेला तर जोरानं "फोर" वरडायचं हे तिले पह्यल्या दिवशी शिकवा, मोठ्या ग्राऊंडवरही तेच वरडते. चेंडू दिसाले लहान पण नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपर्यंत भरते. लांब माराचं असन तर मोज्यात चिंध्या भरून चेंडू करा, किंवा ते प्लास्टिकचे भोकाचे मिळते ते घ्या. खरा चेंडू फक्त मोकळ्या वावरात, सामोर कोणी नसताना.

निळी_सायकल
कोणाला हरियाणाच्या शुभम जगलानबद्दल माहीत आहे का? पानिपत जिल्ह्यातलं इसराना गाव, वडील दूधवाले. गावात परदेशी राहणाऱ्या एका माणसानं गोल्फची अकादमी काढली, पाच-सहा वर्षांचं हे पोरगं तिथं जायला लागलं, आणि काही महिन्यांत अकादमी बंद पडली. बाकी पोरं घरी गेली. हा वावरात मारत राहिला, मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकत राहिला. पुढं त्याला चांगल्या कोच भेटल्या, संस्थेनं हात दिला आणि २०१५ ला दहा वर्षांचा असताना अमेरिकेत जाऊन मुलांच्या दोन जागतिक स्पर्धा जिंकला. पैलवानांच्या मुलखातलं पोर.

आणि त्याच्याही खूप आधी अली शेर, दिल्लीत कॅडी होते, १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. म्हणजे बॅगा उचलणारा माणूस.

काळी_माती_७१
मानलं. पण भाऊ, त्या पोराले कोच भेटल्या, संस्था भेटली. असे किती वावरात मारणारे राह्यले असतीन ज्यायले कोणी भेटलं नाही, त्यायचं कोण लिहते?

ग्राऊंडवाला_काका
कोणी नाही लिहत. मी त्यायच्यातले लय पाह्यले. पण एक सांगतो, त्यायच्यातला एकबी मले असं नाही म्हणला की खेळलो नसतो तर बरं झालं असतं. अजूनही दिवाळीले भेटते तर पह्यले हात पकडीसारखे करून दाखवते.

पऱ्हाटी_पुराण
थोडं विषयांतर. धाग्यावर चांदूर बाजार, परतवाडा, वरुड सगळे जमलेत, बहिरमच्या यात्रेत भेटायचं का? हंडीतलं मटण, रोडगे.

निळी_सायकल
मी येतो. शाकाहारी मंडळींना वांग्याची भाजी न रोडगे.

वरुडचा_पुण्यात
पुण्यात बसून हे वाचणं म्हणजे छळ आहे.

धुऱ्यावरची_बाई
सगळ्यांचे किती आभार मानू. दोन आठवडे येता आलं नाही, वेचणी सुरू होती. आता काय काय झालं ते सांगते.

काकांनी होलपासून मागं म्हटलं ते घरात वाचून दाखवलं. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, यांनी त्यावर काहीच म्हटलं नाही, उठून गोठ्यामागं गेले. ह्यांनी मोबाईलवर पाहिलं की होल १०८ मिलीमीटरचा असते, तर मामाजी विहिरीच्या लाईनचा ११० चा पाईप उरला होता त्याचा वीतभर तुकडा आरीनं कापून घेऊन आले. अंगणात तुळशीच्या पलीकडं खड्डा केला, पाईप बसवला, वरची कड जमिनीच्या सरळ घासली आणि बाजूनं शेणामातीनं लिंपून घेतलं. सासूबाई बघत होत्या. संध्याकाळी त्यांनीच सांगितलं की त्या भोकात रात्री पाणी जाईल, त्यावर झाकणी ठेवा. तवापासून रोज दिवेलागणीला पोरगी पटर उभा करते आणि सासूबाई झाकणी ठेवतात.

दोरीचा गोल केला. गावची पाच-सात पोरं येतात, आत एकच. चेंडू आणून देणाऱ्याचा पुढचा नंबर असा नियम त्यांनीच काढला.

एक गंमत झाली. एक खरा चेंडू तिनं चोरून मागच्या बाजूला मारला तो फुटलेल्या कपाशीत गेला. पांढऱ्यात पांढरा, कुठं दिसते! दुसऱ्या दिवशी वेचणीला आलेल्या मावशींच्या ओटीत सापडला, मोजायच्या वेळी टणक लागला म्हणून. मग चेंडू नारिंगी रंगवायचा म्हटलं तर बाजूला संत्रा पिकलेला. शेवटी सहाही चेंडूंना माझं गुलाबी नखपॉलिश लावलं.

आता दोन गोष्टी विचारायच्या. कापलेली स्टिक मी ठेवून दिली, म्हणून पोरगी रुसली आहे. तिला कोणती साईज लागेल? आणि चेंडू हुकला की ती स्वतःवर फार चिडते, परवा स्टिक आपटली. तेव्हा मी काय बोलू? मला खेळ येत नाही त्यामुळे चूक काय झाली ते मला दिसतच नाही.

सेवाग्राम_एक्सप्रेस
ताई, दिसत नाही हे तुमच्यासाठी फार चांगलं आहे. मला सगळं दिसायचं. जवळ बसा तेवढं पुरे.

ग्राऊंडवाला_काका
स्टिक आपटली तर त्या दिवसाले स्टिक उचलून ठेवायची, न रागावता, उद्या भेटन म्हणाचं. मात्र हुकला म्हणून काही बोलायचं नाही. एक युक्ती सांगतो, आमचे जुने कॅडी वापरे. चूक काय झाली ते विचारायचं नाही, आवाज कसा आला ते विचारायचं. बरोबर बसला की टक् येते, जमिनीले लागून बसला की थाड्. तुम्हाले खेळ न येऊ दे, कान तर आहे. दोघी मिळून आवाज ऐका. लेकरू आवाज शोधाले लागलं की राग विसरते, आणि टक् आणाच्या नादात हात आपोआप बरोबर येते.

साईज उंचीवर राह्यते, वयावर नाही. यूएस किड्स कंपनीचे लेकरायचे क्लब उंचीच्या इंचाप्रमाणं येते, ३९, ४२, ४५, ४८ असं तीन-तीन इंचानं वाढत. चप्पल काढून भिंतीले उभी करा न मोजून सांगा. माया ओळखीच्या एका सुभेदार साहेबाच्या नातीचे क्लब तिले लहान झाले, साहेब म्हणे कोणाले लागले तर दे, मी विचारून ठेवतो.

डॉक्टर_नाही_फिजिओ
काका, टक् आणि थाड् मी माझ्या पेशंट मुलांना सांगणार आहे.

काळी_माती_७१
धुऱ्यावरची_बाई, मी तळेगावच्या रोडनं तुमच्याइकडे येत राह्यतो. माया सोयाबीन निंघाल्यावर तीन एकर पडीत ठेवलं, यंदा हरभरा नाही टाकला, रोटाव्हेटर मारून सपाट आहे. उलंगवाडी होऊन तुमचं वावर मोकळं होयेपर्यंत पोरीले मोठे फटके माराचे असतीन तर आणा. सामोर कोणी नसते, फक्त रोही (नीलगाय) येते सकाळी. चेंडू हुडकाले मी हाव. माया मत बदललं असं नाही, पुढची पायरी कशी चढान ते मले अजून दिसत नाही. पण पोरगी मारते ते पाह्यचं आहे.

धुऱ्यावरची_बाई
दादा, नक्की आणते. मामाजी पण येतो म्हणतात.

काका, मोजली. मामाजींनी दाराच्या चौकटीला विळ्यानं खूण केली आणि ह्यांच्या लहानपणीची खूण तिथंच वर सापडली. ४६ इंच.

ग्राऊंडवाला_काका
मंग ४५ चा सेट. साहेबाच्या नातीचा तोच आहे, आत्ताच फोन केला. पटर, ७ नंबर, वेज, छोटी बॅग. बहिरमले रविवारी घेऊन येतो, देवळाच्या पायथ्याशी अकरा वाजता. तिले म्हणा गुलाबी चेंडू एक सोबत आण, मले पाह्यचा आहे.

पऱ्हाटी_पुराण
रोडगे माझ्याकडे लागले.